चूक एक आण्याची, भुर्दंड सोळा आण्यांचा?

वाटसरू

मागच्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पार्किंग लॉटमधून माझ्या गाडीकडे चाललो होतो. ओळीतून एक एसयूव्ही मागे आली, धक्का बसला, पडलो आणि उजवं मनगट मोडलं. आत प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. चालवणाऱ्या बाई रडत होत्या, "दिसलाच नाहीत हो मला." पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. म्हटलं, यात वादाला जागाच कुठे आहे?

चौथ्या दिवशी त्यांच्या विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरचा, म्हणजे दावा तपासणाऱ्या माणसाचा, फोन. गोड आवाज, आधी तब्येतीची चौकशी, मग "कॉल रेकॉर्ड केला तर चालेल ना?" म्हटलं करा. मी गोळ्यांच्या गुंगीत. मधेच एक प्रश्न आला, गाडी रिव्हर्सला टाकली की लागणारे मागचे पांढरे दिवे दिसले होते का? खरं ते सांगितलं, "दिसले, पण वाटलं त्या थांबतील."

तीन आठवड्यांनी पत्र. दावा नामंजूर. दिवे पाहूनही चालत राहिलो म्हणजे माझाही निष्काळजीपणा, आणि नॉर्थ कॅरोलायनात जखमी माणसाचा स्वतःचा निष्काळजीपणा अपघाताला कारणीभूत ठरला की त्याला भरपाई नाही. कमी मिळते असं नव्हे. शून्य.

हा नियम अमेरिकेत आता अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी एवढ्याच ठिकाणी उरलाय. डीसीनेही 2016 साली कायदा करून पादचारी आणि सायकलस्वारांना मोठी सवलत दिली. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने 1991 मध्ये तो सोडला, टेनेसीने 1992 मध्ये. म्हणजे हाच धक्का सीमेपलीकडे बसता तर माझ्या चुकीचा वाटा कापून बाकीचे पैसे हातात आले असते.

माझं मत सरळ आहे. हा न्याय नव्हे, विमा कंपन्यांची सोय आहे. उलट मत असेल तर जरूर मांडा. फक्त "फोन कशाला उचललात" हे बायकोने सांगून झालंय.

सरळरेघ

मनगट लवकर बरं होवो. आता विरुद्ध बाजू.

दिवे दिसले, धोका कळला, तरी पाय पुढे टाकलात. मागे येणाऱ्या गाडीच्या मागून जायचं नाही हे आपण पोरांना शिकवतो. दुसऱ्याच्या खिशात हात घालण्याआधी आपली बाजू चोख असावी, एवढंच कायदा म्हणतोय. त्यात इतकं राक्षसी काय आहे?

आणि ती टक्केवारी. तुमची चूक 10 टक्के की 25, हे कोणत्या तराजूत मोजणार? ज्युरीतली माणसं खोलीत बसून घासाघीस करून आकडा काढतात. त्यापेक्षा "चूक होती की नव्हती" हा प्रश्न प्रामाणिक वाटतो मला.

जुनं दप्तर

या नियमाचं मूळ गमतीदार आहे, म्हणून थोडं विषयांतर. 1809 सालचा इंग्लंडमधला खटला, बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर. डर्बी गावात एकाने घराची दुरुस्ती चालू असताना रस्त्यावर आडवा वासा टाकला. तिन्हीसांजेला एक जण घोडा भरधाव सोडून आला, वाशावर आदळला, पडला. साक्ष अशी झाली की शंभर यार्डांवरूनही वासा दिसण्याइतका उजेड होता. घोडेस्वाराला दमडी मिळाली नाही.

नियम फार कडक आहे हे न्यायाधीशांनाही टोचलं असावं. 1842 मध्ये डेव्हिस विरुद्ध मॅन आला. मालकाने पुढचे पाय बांधून गाढव रस्त्यात चरायला सोडलेलं, म्हणजे चूक मालकाची. पण गाडीवान घोडे दामटत आला आणि सरळ गाढवावरून गेला. कोर्ट म्हणालं, जपून हाकलं असतं तर टळलं असतं, तेव्हा गाडीवानाने पैसे द्यावेत. टाळण्याची शेवटची स्पष्ट संधी ज्याच्याकडे होती तो जबाबदार, हे तत्त्व तिथून आलं आणि नॉर्थ कॅरोलायनात ते आजही चालतं.

खुद्द इंग्लंडने 1945 मध्ये कायदा करून वाटणीची पद्धत घेतली. ज्यांच्याकडून उसनं घेतलं त्यांनी भांडं मोडीत काढलं, आपण मात्र त्यातच शिजवतोय.

अकरा वर्षं क्लेम्समध्ये

विमा कंपनीत क्लेम्स, म्हणजे भरपाईचे दावे, बघायचो. नोकरी सोडली आहे, म्हणून बोलतो.

आधी एक दुरुस्ती. "एक टक्का चूक की खेळ खलास" हे वाक्य वकिलांच्या जाहिरातीतलं आहे. तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं समोरच्या पक्षावर असतं, आणि नुसती चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळेच इजा झाली हेही दाखवावं लागतं. समोरच्याचं वागणं निव्वळ हलगर्जीपणाच्या पलीकडे, मुद्दाम किंवा बेदरकार असेल तर हा बचाव टिकत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला तर नॉर्थ कॅरोलायनात निष्काळजी ठरवताच येत नाही. सीटबेल्ट लावला नव्हता हेही तिथे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही.

आता दुसरी बाजू. दिव्यांचा प्रश्न सहज आलेला नव्हता. पार्किंगमधल्या धडकेसाठी आमच्याकडे प्रश्नांचा ठरलेला क्रम होता. फोन हातात होता का, कुठे बघत होता, दिवे दिसले का. उत्तर "हो" असेल तर दिसूनही थांबला नाहीत, "नाही" असेल तर लक्ष नव्हतं. दोन्हीकडून आमचाच फायदा.

सरळरेघ

मग तुमचं भांडण फोनशी आहे, नियमाशी नाही. समोरच्याच्या विमा कंपनीला रेकॉर्डेड जबाब द्यायला तुम्ही बांधील नाही. (स्वतःच्या कंपनीची गोष्ट वेगळी, तिथे सहकार्याची अट पॉलिसीतच असते.) लोकांना एवढं सांगा, नियम राहू द्या.

वाटसरू

नाही, इथेच तुमची गल्लत होतेय. त्या फोनला किंमत आली ती नियमामुळे. सीमेपलीकडे माझ्या त्याच वाक्याने दाव्यातून फार तर थोडा तुकडा कापला गेला असता. इथे एका वाक्यात अख्खा दावा जातो, म्हणून ते वाक्य काढून घ्यायला माणूस चौथ्याच दिवशी फोन करतो.

तुम्ही ज्युरीच्या घासाघिशीची चेष्टा केलीत. माझं प्रकरण ज्युरीपर्यंत गेलंय कुठे? दोन वकिलांनी कागद बघून परत दिले. अशा दाव्यांत इथले वकील बहुधा मिळालेल्या रकमेचा हिस्सा घेतात, आगाऊ फी नाही. शून्याचा हिस्सा शून्यच, मग तो उभा का राहील? कोर्टात नियमाला पळवाटा असतीलही. पण निकाल माझ्या स्वयंपाकघरातल्या फोनवर लागला.

गोलपोस्ट

न्यायाधीश बदलतील अशी आशा असेल तर सोडा. मेरीलँडमध्ये एक तरुण फुटबॉलच्या गोलच्या आडव्या दांडीला लोंबकळला, गोल नीट रोवलेला नव्हता, अंगावर आला, चेहऱ्याची हाडं मोडली. ज्युरीने क्लबची चूक मान्य केली. त्याचीही केली. झालं, शून्य. 2013 मध्ये राज्याच्या सर्वोच्च पीठाने बहुमताने सांगितलं की नियम बदलायचा तर विधिमंडळाने बदलावा.

मला यात कोर्टाचं फारसं चुकलेलं दिसत नाही. कायदा लोकांनी निवडलेल्यांनी बदलावा. ते बदलत नाहीत, हा राग योग्य ठिकाणी काढा.

सरळरेघ

पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या बाजूने. धन्यवाद.

गोलपोस्ट

तुमच्या बाजूने नाही हो. नियम वाईटच आहे.

पानटपरी

भारतात मोटार अपघाताच्या दाव्यात टक्केवारीच कापतात. तिथे 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचण्यासारखा आहे. मोटारसायकलवर तिघं बसलेले, मागून कारने उडवलं. तिघं बसले म्हणून खालच्या निकालात 10 टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिघं बसणं नियमभंग आहे, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय कपात नाही. वर क्लेम्सवाले म्हणाले तोच मुद्दा.

मेतकूट

चर्चा बाजूला ठेवून कामाचं सांगते. वाटसरूदादा, तुमच्या स्वतःच्या कार पॉलिसीत मेडपे आहे का बघा. चूक कोणाची हे न विचारता दवाखान्याचा खर्च त्या मर्यादेपर्यंत देतात, आणि पायी चालताना गाडीने उडवलं तरी बहुतेक पॉलिसींत लागू होतं. दुसरं, इजेच्या दाव्याला नॉर्थ कॅरोलायनात साधारण तीन वर्षांची मुदत आहे. नकाराचं पत्र हा कोर्टाचा निकाल नव्हे. तिसरं, पार्किंगच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा असं जागेच्या मालकाला लेखी कळवलंत का? बहुतेक ठिकाणी जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं.

वाटसरू

मेडपे आहे, मला पत्ताच नव्हता. आभार, ताई. कॅमेऱ्याचं पत्र फेब्रुवारीत पाठवलं. उत्तर नाही.

अकरा वर्षं क्लेम्समध्ये

एक विचारू? "वाटलं त्या थांबतील" असं तुम्ही म्हणालात. असं का वाटलं?

वाटसरू

कारण त्या थांबल्या होत्या. थोड्या मागे आल्या, ब्रेक लागला, गाडी उभी राहिली. मला जाऊ देतायत असं वाटून मी निघालो, तर परत मागे आल्या.

अकरा वर्षं क्लेम्समध्ये

अहो, हे फोनवर सांगितलंत का?

वाटसरू

त्यांनी विचारलंच नाही.