सरासरीत न दिसणारा वर्ग

"पट कमी, तरी पोरांना वजाबाकी येत नाही, मग मास्तर करतात काय?" हा प्रश्न रास्त आहे, पण पट मोजायची रीतही बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. कागदावर ठीक दिसतं. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत त्या दोघांच्या वाट्याला पाच इयत्ता आहेत. पहिली ते तिसरी नलिकलीत, म्हणजे आनंदानं शिकायच्या कर्नाटकी पद्धतीत, एकत्र, चौथी-पाचवी दुसऱ्या खोलीत. एकजण मीटिंगला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात.

४२ वजा १७ घातलं की पाचवीतलं पोर ३५ लिहितं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. शेजारी बसून दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडून दाखवला की त्याला लगेच कळतं. तेवढं शेजारी बसायलाच मिळत नाही, याचा फार त्रास होतो.

अशा पोरांना सरळ नापास करा, असंही काहीजण सुचवतात; त्याला माझा विरोध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी-आठवीत मागं ठेवायची मुभा मिळाली खरी, पण त्याच खोलीत, तशाच जोडवर्गात पुन्हा बसवून काय साधणार? मागायचंच तर इयत्तेमागं एक शिक्षक मागूया. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) बैठकीत पालक हा ठराव मांडणार असतील तर मसुदा मी लिहून देतो.