वाचनाचा संकल्प आणि त्याची नोंद: तुमचे अनुभव सांगा

वर्षाला किती पुस्तकं वाचायची हे पुष्कळ जण ठरवतात. आकडा कसा ठरवला, मोजलं कशात, नोंद कुठे ठेवली आणि त्या नोंदीचा पुढे काही उपयोग झाला का, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्यापासून. मी पुस्तकांवर नियमित लिहिते, त्यामुळे माझं वाचन दोन वाटांनी चालतं: लिहिण्यासाठी आणि नुसतं स्वतःसाठी. पहिलं वाढलं की दुसरं गिळतं. म्हणून माझा नियम असा की लिहिण्यासाठी दोन पुस्तकं वाचली की तिसरं असं घ्यायचं, ज्यावर मी एक ओळही लिहिणार नाही. वही पाडवा ते पाडवा चालते. नाव, लेखक, आवृत्ती, संपवल्याची तारीख हे रकाने सगळेच ठेवतात. माझ्या वहीत आणखी एक आहे: 'कुणामुळे'. मैत्रिणीमुळे, ग्रंथालयातल्या मांडणीवर दिसलं म्हणून, की दुसऱ्या एखाद्या पुस्तकात उल्लेख आला म्हणून? जुन्या वह्या उघडल्या की स्वच्छ दिसतं, मनात टिकून राहिलेली बहुतेक पुस्तकं या शेवटच्या वाटेनं आली. म्हणून यंदा आकडा नाहीच. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या तळटिपांतून, संदर्भसूचीतून किंवा ऋणनिर्देशातून एक नवं नाव उचलायचं आणि शक्य असेल तर तेच पुढे वाचायचं.

आता तुम्ही सांगा. आकड्याच्या बाजूचे, विरोधातले, दोन्ही अनुभव हवेत.

नाशिक जिल्हा, निवृत्त ग्रंथपाल

ताई, 'कुणामुळे' हा रकाना फार आवडला. देवघेवीच्या टेबलावर बसून मी नोकरी केली. आमचं तालुक्याचं, सरकारी दर्जानुसार 'ब' वर्गातलं वाचनालय. वाचकांपैकी काही जण स्वतःची छोटी वही बाळगायचे आणि त्यात पुस्तकाचा दाखल क्रमांकसुद्धा लिहायचे. 'हे नेलं होतं का हो मी?' असं विचारायची वेळ त्यांच्यावर कधी यायची नाही.

आमच्याकडची सगळ्यात जास्त ये-जा ८९१.४६ची, म्हणजे पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावायच्या दशांश वर्गीकरणातलं मराठी साहित्य. त्यातही कादंबरी आणि कथा. ५०० म्हणजे विज्ञान, ६०० म्हणजे शेती, वैद्यक, स्वयंपाक, यंत्रं. ३०० म्हणजे समाज, कायदा, शिक्षण, लोकरूढी. या कपाटांपुढे शुकशुकाट. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की दहाही मुख्य वर्गांतून फेरी मारायची. ००० पासून निघायचं, ९०० ला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून. वेळेचं बंधन नाही, क्रम मात्र मोडायचा नाही. आवडत्या इतिहासापर्यंत पोचायला मधली सगळी कपाटं पार करावी लागतात, आणि तिथेच गंमत आहे. भाषा विभागात, ४०० मध्ये, व्याकरणावरची पुस्तकं मी आयुष्यभर दुसऱ्यांना काढून दिली होती. आता स्वतः वाचतो आहे आणि त्यांतून बाहेर पडावंसं वाटत नाही.

ज्यांना काय वाचावं सुचत नाही त्यांनी हे करून पाहावं. जवळच्या वाचनालयात कपाटांवर हे आकडे रंगवलेले सापडतील.

सांगली, परिचारिका

मी आकड्याच्या बाजूची. दिवसपाळी, रात्रपाळी बदलत राहते, घरी आल्यावर डोळे मिटायला लागतात. 'वेळ मिळेल तेव्हा वाचू' म्हटलं की वेळ मिळत नाही. माझं ठरलेलं आहे: झोपण्याआधी वीस पानं, मग झोप दिवसा असो की रात्री. पुस्तकं मोजत नाही, पानं मोजते, कारण पुस्तकं मोजली की हात आपोआप बारक्या पुस्तकाकडे जातो. मोबाइलमधल्या ॲपवर सलग दिवसांची साखळी दिसते. ती तुटू नये म्हणून मी वाचते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. त्या वीस पानांनी मला जाडजूड चरित्रं वाचायला लावली.

ठाणे, गृहिणी

दिवाळी अंक कशात मोजता तुम्ही? माझा सगळा संकल्प त्यांच्याभोवती आहे.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. आमच्याकडे ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घालायचं, एकदा पैसे भरायचे आणि मग अंक बदलत राहायचे. दिवाळीच्या फराळाबरोबर सुरू करते आणि होळीपर्यंत ठरवलेले अंक संपवते. अंकाला 'एक पुस्तक' म्हणणं मला पटत नाही. एका अंकात दीर्घकथा असते, मुलाखत असते, परिसंवाद असतो, कविता असतात, आणि राशिभविष्यही असतं. म्हणून मी लेख मोजते. वहीत लेखकांच्या आडनावांप्रमाणे पानं पाडली आहेत. कथा वाचली की त्या लेखकाच्या पानावर अंकाचं नाव, वर्ष आणि दोन वाक्यं.

याचा उपयोग पुढे कळतो. काही वर्षांनी त्या कथांचा संग्रह येतो. मागे किंवा पुढे 'पूर्वप्रसिद्धी' अशी यादी असते. ती मी माझ्या वहीशी ताडून पाहते. कधीकधी कथेचा शेवट बदललेला असतो, कधी नाव बदललेलं असतं. लेखकाने मधल्या काळात काय विचार केला असेल, याचा तो माग माझ्यासारख्या साध्या वाचकाला लागतो तो केवळ नोंदीमुळे. संग्रहात न आलेल्या कथाही पुष्कळ असतात. त्या आता कुठे मिळणार? निदान त्या होत्या एवढं माझ्या वहीत आहे.

फोंडा, गोवा

माझा हिशेब भाषांचा. मराठी माझ्या घरातली वाचनाची भाषा, कोंकणी बोलण्याची. शाळा इंग्रजीत झाली. मनाला येईल तसं वाचलं की इंग्रजीच वाढत जातं. त्यामुळे आळीपाळी: एक मराठी, एक कोंकणी, एक इंग्रजी. कोंकणीत पुन्हा एकदा देवनागरी, एकदा रोमी, म्हणजे रोमन लिपीतलं. रोमीत माझा वेग निम्म्यावर येतो, म्हणून पानांऐवजी मी वाचनाचा वेळ लिहितो. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, आता शहरातल्याच पाटो भागात मोठ्या इमारतीत आहे. या सगळ्या भाषा तिथे एका छताखाली मिळतात, म्हणून हे जमतं. नाहीतर रोमीतली पुस्तकं शोधण्यातच वर्ष गेलं असतं.

पंढरपूर

मुलांनो, तुम्ही ज्याला संकल्प म्हणता तो आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. सासूबाई रोज दासबोधाचा एक समास वाचायच्या. दासबोधाचे वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे दोनशे दिवसांत ग्रंथ पुरा. संपला की त्याच दिवशी पुन्हा पहिला समास.

ज्ञानेश्वरीला मात्र हा हिशेब चालत नाही. अध्याय अठरा, पण पाचवा दोनशे ओव्यांच्या आत आणि अठरावा अठराशेच्या पुढे. 'रोज एक अध्याय' म्हणणारी माणसं सुरुवातीला आरामात असतात आणि तेराव्याला, अठराव्याला थकतात. सप्ताहात सगळ्यांबरोबर बसून पारायण होतं ते वेगळं, तिथे आवाजाला आवाज लागतो. घरी एकटीनं अर्थ लावत वाचायचं तर ओव्या मोजाव्यात. सगळ्या मिळून नऊ हजारांवर, प्रतीप्रतीत थोडा फरक. रोज पंचवीस घेतल्या की वर्षाच्या आत ग्रंथ होतो आणि चार-दोन दिवस हातात उरतात. माझ्या पोथीच्या पानांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक तारखा आहेत. एकाच ओवीशेजारी वेगवेगळ्या वर्षांच्या तारखा दिसतात. कुठल्या वर्षी काय कळलं तेही दोन शब्दांत लिहिते.

सांगलीच्या लेकी, तुझी वीस पानं याच जातीची. चालू ठेव.

न्यू जर्सी, संगणक अभियंता

इथे मराठी पुस्तक मिळणं हाच अर्धा पराक्रम, त्यामुळे नोंद काटेकोर ठेवतो. काही तांत्रिक गोष्टी सांगतो, कुणाच्या तरी कामी येतील.

वाचननोंदीच्या प्रसिद्ध संकेतस्थळांवर मराठी पुस्तक शोधताना ते देवनागरीत आहे की रोमनमध्ये हे आधी कळत नाही. रोमनमध्ये असलं तर स्पेलिंग चार तऱ्हांचं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नसतो, त्यामुळे बारकोड दाखवून काम भागत नाही. अशा वेळी मी नोंद हाताने भरतो. मुखपृष्ठावरून नाही, आतल्या मुद्रणपृष्ठावरून: प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं साल, हातातल्या आवृत्तीचं साल, पानं. 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' वेगळे लिहितो. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पुनर्मुद्रणात सहसा नाही.

स्वतःची यादी तक्त्यात ठेवत असाल तर एक सूक्ष्म अडचण. 'ऱ्ह', 'ऱ्य' असलेलं नाव दोन प्रकारे टंकलं जातं. एका प्रकारात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त जोडून मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. मग शोध घेतला की पुस्तक 'नाही' म्हणून उत्तर येतं आणि माणूस तेच पुस्तक पुन्हा मागवतो. एकच कळफलक धरून ठेवा. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. क्रम आपोआप लागतो.

माझा संकल्प साधा: दरवर्षी भारतातून जेवढी पुस्तकं बॅगेत येतील तेवढी पुढच्या फेरीपर्यंत वाचून इथल्या दुसऱ्या मराठी घरात पोचवायची. तक्त्याचा शेवटचा रकाना 'सध्या कुणाकडे'.

वडोदरा

मी दृष्टिहीन वाचक. पानं आणि पुस्तकाची जाडी या दोन्ही गोष्टी माझ्या हिशेबात नाहीत. मी तास मोजते. मानवी आवाजातलं पुस्तक मूळ गतीनं ऐकते, स्क्रीनरीडरवरचं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवरचं, जलद. त्यामुळे दोन्हींचे तास वेगळे लिहिते, एकत्र केले तर चित्र खोटं उभं राहतं. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे आमच्यासारख्या वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, तेव्हापासून शोधायला एक जागा झाली, पण मराठी पुस्तकं तिथे आणखी हवीत. माझ्या वहीत म्हणून दोन याद्या आहेत: वाचलेली, आणि वाचायची आहेत पण सुलभ स्वरूपात नाहीत अशी. दुसरी यादी मी प्रकाशकांना पाठवत असते. एखाद्या प्रकाशकाकडून युनिकोडमधली, म्हणजे स्क्रीनरीडरला वाचता येईल अशी, फाइल येते, तेव्हा ते पुस्तक दुसऱ्या यादीतून पहिल्या यादीत जातं. वर्षाचा माझा खरा हिशेब तोच. लिहिणाऱ्यांपैकी कुणाचं पुस्तक येत असेल तर प्रकाशकाशी करार करताना हे विचारा, एवढी विनंती.

पुणे, स्पर्धा परीक्षेची तयारी

सगळ्यांचं वाचून हेवा वाटला. मी अभ्यासिकेत दिवसभर वाचतच असतो, पण इतिहास, राज्यघटना, चालू घडामोडी. परीक्षेपर्यंत बाकी काही वाचू नये असं सगळे सांगतात. मला ते जमत नाही, जीव गुदमरतो. अभ्यासाला धक्का न लावता काय ठेवता येईल?

नाशिक जिल्हा, निवृत्त ग्रंथपाल

बाळा, आमच्या वाचनालयातही अभ्यासिका होती, तुझ्यासारखी पुष्कळ मुलं पाहिली. कादंबरी घेऊ नकोस, ती रात्री सोडवत नाही. ८०० मधलं ललित गद्य किंवा पत्रसंग्रह घे. एक लेख, एक पत्र, दहा मिनिटांत संपतं. जेवणाच्या सुटीत तेवढंच, आणि पुस्तक अभ्यासिकेतल्या टेबलावर आणायचं नाही, डब्याच्या पिशवीत ठेवायचं. नोंद म्हणून फक्त लेखाचं नाव आणि तारीख. राज्यघटनेचा अभ्यास करतोस तर घटना समितीतल्या चर्चाही हळूहळू वाचायला घे. त्या अभ्यासक्रमातही बसतात आणि वाचनाचं समाधानही देतात. तुझ्या अभ्यासिकेजवळ कुठलं ग्रंथालय आहे ते कळव, वर्गणी आणि अनामत किती पडेल ते विचारून सांगतो.