मुदतखरेदी म्हणजे खरेदी की गहाण?

विद्यार्थिनी, विधी शाखा: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधलं कलम ५८ चालू आहे. मराठी पुस्तकात गहाणाच्या एका प्रकाराला ‘सशर्त विक्रीद्वारे गहाण’ म्हटलंय. गावाकडे ज्याला मुदतखरेदी म्हणतात ते हेच का? आमचे आजोबा ‘रान मुदतखरेदी दिलंय’ म्हणतात, ‘विकलंय’ असं कधीच म्हणत नाहीत. मग शब्दात खरेदी आली कुठून?

मालमत्ता कायदा शिकवणारा: बहुतेक वेळा हेच. नेहमी मात्र नाही, आणि प्रश्नपत्रिकेतली मेख तिथेच असते.

कलम ५८(क) मधला व्यवहार वरून विक्रीसारखा दिसतो. पैसे मुदतीत न फेडल्यास विक्री कायम, फेडल्यास रद्द, किंवा फेडल्यावर जमीन घेणाऱ्याने, म्हणजे पैसे देणाऱ्याने, मिळकत परत लिहून द्यायची, यांपैकी एक अट त्यात असते. १९२९ च्या दुरुस्तीने एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी जोडअट, जोडलं: ही अट विक्रीच्याच दस्तात हवी. खरेदीखत आज नोंदवलं आणि ‘परत देईन’ हा करार वेगळ्या स्टॅम्पवर केला, तर आजोबा काहीही म्हणोत, कायद्याने ते गहाण नव्हे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. अट त्याच दस्तात आहे एवढ्याने गहाण सिद्ध होत नाही. चुनचुन झा विरुद्ध इबादत अली (१९५४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दस्ताच्या मथळ्यापेक्षा त्यातून दिसणारा पक्षकारांचा हेतू महत्त्वाचा मानला. किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी आहे का, देणं-घेणं सावकार-ऋणको असं आहे का, ताबा कोणाकडे राहिला, हे पाहतात. विद्यार्थी मथळ्यावर अडकतात. वकीलही अडकतात म्हणा.

दस्तलेखक (निवृत्त): आम्ही दोन वेगळे दस्त लिहायचो. ‘कायम खूशखरेदीखत’ म्हणजे विषय संपला. ‘मुदतखरेदीखत’ लिहिताना शेवटी यायचं, ‘मुदतीत रक्कम परत न केल्यास हीच खरेदी कायम समजावी.’ खरेदी हा शब्द जमीन घेणाऱ्याच्या आग्रहाने यायचा, मुदत हा जमीन देणाऱ्याच्या. ताई, तुमच्या आजोबांनी ‘विकलंय’ न म्हणणं अगदी बरोबर आहे.

विद्यार्थिनी: काका, मग मुदत टळली की ‘कायम समजावी’ लागू होतं ना?

मालमत्ता कायदा शिकवणारा: व्यवहार गहाण ठरला तर आपोआप नाही. घेणाऱ्याला न्यायालयात जाऊन सोडवणुकीचा हक्क बंद करणारा हुकूमनामा (डिक्री) घ्यावा लागतो. तोवर कलम ६० खाली देणाऱ्याचा हक्क जिवंत असतो. गहाण सोडवण्याच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्याने (दावा किती काळात लावायचा ते ठरवणाऱ्या) ३० वर्षं दिली आहेत, आणि ती सोडवण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून मोजायची. निव्वळ विक्री आणि फेरखरेदीचा करार असेल, तर मात्र ठरलेली तारीख काटेकोर पाळावी लागते. एकदा चुकली की हक्क गेला. एका शब्दावर इतकं अवलंबून असतं म्हणून तर हे दावे वर्षानुवर्षं चालतात.

दिवाणी वकील: सावकारीची बाजू राहिली. घेणारा सावकारी करत असेल आणि जमीन त्या व्यवहारात गेली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडेही (सावकारीवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) दाद मागता येते. तिथे दस्तावर ‘खरेदी’ लिहिलंय म्हणून सावकार सुटत नाही. वर्गात हे सहसा शिकवत नाहीत, कारण ते दुसऱ्या पेपरात येतं!

विद्यार्थिनी: आणि पुस्तकातलं ‘विमोचन’ म्हणजे आपलं गहाण सोडवणंच ना? उत्तरपत्रिकेत ‘सोडवणे’ लिहिलं तर चालेल?

मालमत्ता कायदा शिकवणारा: माझ्याकडे चालेल. विद्यापीठाचा परीक्षक कोण असेल सांगता येत नाही, तेव्हा पहिल्यांदा ‘विमोचन, म्हणजे गहाण सोडवणे’ असं लिहा. ‘मुदतखरेदी’ नुसतं लिहून सोडू नका. अट त्याच दस्तात आहे की नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा.