बिलिंग सॉफ्टवेअर दरवेळी परवानगी मागतं, विंडोजचं हे विचारणं (यूएसी) बंद करू का?

वाशीकर_गाळा:
वाशीच्या मसाला मार्केटमध्ये आमचा गाळा आहे, काउंटरच्या पीसीवर विंडोज ११. बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं की स्क्रीन काळपट होते आणि विचारतं या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का, बरं एकदा हो म्हटलं की संपलं असं पण नाही, बंद करून उघडलं की परत तेच, जीएसटीच्या डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर उघडलं की परत तेच. काउंटरवरचा मुलगा आता न वाचताच येस दाबतो. उद्या मेलमधून काही भलतंच आलं तरी तो येसच दाबणार ना, ही खरी काळजी. पीसी बघायला येतात ते म्हणतात बंदच करून टाका. करू का?

नौपाडा_नेटवर्क:
अजिबात नको. स्क्रीन मुद्दाम काळी करतात, तेव्हा दुसरा कुठला प्रोग्राम तुमच्या वतीने येस दाबू शकत नाही. जुनी सॉफ्टवेअर्स स्वतःचा डेटा प्रोग्राम फाइल्स या विंडोजच्या संरक्षित फोल्डरमध्येच लिहितात, म्हणून अ‍ॅडमिनचे म्हणजे पूर्ण अधिकार मागतात. प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटीमध्ये रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची टिक असेल तर काढून बघा, पण आधी बॅकअप घ्या!! टिक काढली की कधीकधी डेटा गुपचूप त्या-त्या लॉगिनच्या वेगळ्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये जायला लागतो, मग दुसऱ्या लॉगिनवरून नवीन बिलं दिसतच नाहीत. त्यापेक्षा डेटा डी ड्राइव्हवर हलवता आला तर बेस्ट.

ऐरोली_९०:
टास्क शेड्युलरमध्ये टास्क बनवा, रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेसवर टिक, शॉर्टकट डेस्कटॉपवर. विचारणारच नाही.

नौपाडा_नेटवर्क:
चालतं, पण काउंटरच्या पीसीवर नको. त्या फाइलच्या जागी कोणी दुसरी ठेवली तर तीही न विचारता अ‍ॅडमिन म्हणून चालेल. मुलाला स्टँडर्ड (अ‍ॅडमिन नसलेलं) अकाउंट द्या, तिथे नुसतं येस चालत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो.

कळव्याचा_दादा:
विंडोज व्हिस्टा २००७ ला आलं तेव्हा तर यूएसी याहून जास्त विचारायचं. २००८ च्या आरएसए या कॉम्प्युटर सुरक्षेच्या परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉसने सरळ सांगितलं होतं की यूएसी लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आणलं, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर दबाव येईल. २००९ ला विंडोज ७ मध्ये हे प्रॉम्प्ट (परवानगीचे प्रश्न) कमी केले. इतकी वर्षं गेली तरी तुमच्या बिलिंगवाल्यांनी काही बदललं नसेल तर चूक त्यांची आहे. एएमसी (वर्षाच्या देखभालीचे पैसे) भरता ना? मग अ‍ॅडमिनशिवाय चालणारं व्हर्जन मागा, लेखी मागा.

वाशीकर_गाळा:
बंद करत नाही मग. आधी बिलिंगवाल्यांकडून डेटा हलवून घेतो, नाहीतर स्टँडर्ड अकाउंटवर दरवेळी पासवर्ड टाकायला मलाच काउंटरवर यावं लागेल. डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावायचं) मीच वापरतो, ते माझ्या लॉगिनवर राहू दे.