मदतीचे फोटो ग्रुपवर टाकावेत का? मत्तय ५:१६ की ६:३?

मोहरीचा_दाणा:
सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ गरजू कुटुंबांना धान्य, औषधं, मुलांच्या वह्या असं काही ना काही देत असतो, काम चांगलंच आहे, पण दिलं रे दिलं की फोटो आणि लगेच व्हॉट्सअॅपवर. मी म्हटलं उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभू येशू म्हणाला ना (बायबलमधलं मत्तय ६:३), तर लीडर म्हणाले "तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या" हेही येशूच्या त्याच डोंगरावरच्या प्रवचनात आहे (मत्तय ५:१६). यावर काय बोलणार? आणि हेतूत थोडी जरी भेसळ असेल तर सेवा थांबवायची का?

जुना_वाचक:
दोन्ही वचनं पूर्ण वाचा हो. ५:१६ मध्ये लोक चांगली कामं बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतात, ६:२ मध्ये कर्णा वाजवणाऱ्याला स्वतःचं कौतुक हवंय आणि ते त्याला मिळतं, तिथेच हिशोब मिटला. फोटोखाली "ग्रेट वर्क ब्रदर" किती येतात ते बघा, कळेल.

एक_ताई:
मी घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिलेय म्हणून लिहिते. पिशवी माझ्या हातात दिली पण देणाऱ्यांनी सोडलीच नाही, एक बंद त्यांच्याकडे एक माझ्याकडे, "ताई इकडे बघा, जरा हसा", फोटो निघाला मग सोडली. तो फोटो माझ्या मुलीच्या मैत्रिणीच्या आईपर्यंत गेला. लूक १४ मध्ये प्रभू म्हणतो ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना जेवायला बोलवा, इथे तर आमच्या चेहऱ्यानेच परतफेड करून घेतली.

खजिनदार_भाऊ:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण पैशाचं काम बघतो म्हणून दुसरी बाजू सांगतो, सगळंच गुपचूप ठेवलं की उद्या लोक विचारणार पैसे गेले कुठे. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कुणी बोट दाखवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर अजून भाऊ पाठवले (२ करिंथ ८, म्हणजे करिंथच्या मंडळीला त्याचं दुसरं पत्र), आणि अखया प्रांतातल्या (करिंथ तिथलंच) लोकांची तयारी शेजारच्या मासेदोनियात कौतुकाने सांगितली, त्याने बाकीच्यांनाही हुरूप आला. म्हणजे मंडळीने काय केलं हे खुशाल सांगा की, पण कुणाला दिलं ते कशाला? हिशोबाचा कागद लावा, फोटो नको.

मीठ_आणि_दिवा:
हेतूबद्दल. शंभर टक्के शुद्ध हेतू होईपर्यंत थांबलात तर उपाशी माणूस उपाशीच राहील. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात (फिलिप्पै १) पौल कैदेत आहे, काही जण हेव्यापोटी ख्रिस्ताची घोषणा करतायत आणि तरी तो आनंद मानतो. आता याचा अर्थ हेवा चालतो असा नाही हं, १ करिंथ १३:३ पण त्याचंच आहे, सगळं वाटून टाकलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही. काम चालू ठेवा आणि एखादी सेवा अशी धरा जी ग्रुपवर टाकताच येत नाही, आजाऱ्याजवळ रात्रभर बसणं वगैरे. तिचा कंटाळा येतो का बघा, हेतू लगेच समजतो (मला येतो).

मोहरीचा_दाणा:
धन्यवाद सगळ्यांना. २ करिंथ ८ घेऊनच मीटिंगला जातो, लीडर वचनाला नाही म्हणणार नाहीत. ताई, जुन्या फोटोंचं काय करावं? त्या कुटुंबांना जाऊन विचारू का?

एक_ताई:
विचारायला नका जाऊ, परत तेच सगळं उकरून निघतं. नुसते काढून टाका.