रोलर कोस्टर चढावर मध्येच थांबली, तेव्हापासून धीर होत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रोलर कोस्टरची आवड असणारं किंवा त्या यंत्रांची माहिती असणारं कुणी इथे असेल तर मला सल्ला हवा आहे. लिहिणं लांबलंय, पण काय झालं ते नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी नेहमी अम्युझमेंट पार्कात जाणारी नाही. माझं वय ४६, आणि आजवर मोजून दोनदा गेले आहे. दुसरी खेप गेल्या महिन्यातली, १२ वर्षांच्या भाचीबरोबर. त्या दिवशी आम्ही तीन कोस्टर घेतल्या. पहिली लहान मुलांना चालते तशी, तिच्यात मजाच आली. दुसरीला एक मोठा लूप होता. रांगेत उभी असताना माझे हात गार पडले होते, पण प्रत्यक्ष लूपमध्ये काहीच झालं नाही. कुणीतरी खांद्यांवर तळवे ठेवून सीटमध्ये दाबून धरल्यासारखं वाटलं आणि संपलं. डोकं खाली झालंय हे मला भाचीने नंतर सांगितलं तेव्हा पटलं.

म्हणून तिसरीत निर्धास्त बसले. तिला लूप नव्हता, नुसते उंच चढ-उतार. खांद्यावरून येणारा हार्नेसही नाही, मांड्यांवर येणारा एक बार तेवढा. खालच्या साखळीने हिसका देऊन गाडी पकडली आणि टक टक टक करत चढायला लागली. दोन तृतीयांश चढ झाला असेल, आणि आवाज थांबला. गाडीही थांबली.

पाठीवर रेललेले, समोर फक्त आभाळ. वारा लागत होता. रुळाच्या कडेला काळं ग्रीस होतं, त्यात एक छोटं पांढरं पीस अडकलेलं, वाऱ्याने हलायचं पण सुटायचं नाही. मी त्या पिसाकडे बघत राहिले, कारण खाली बघवत नव्हतं. भाचीने विचारलं, "मावशी, बंद पडली का गं?" मी म्हटलं, "नाही गं, थांबलीय फक्त." मला काही माहीत नव्हतं, पण तिला दुसरं काय सांगणार? मग स्पीकरवरून "बसून राहा" अशी सूचना आली. तीन-चार मिनिटं गेली असतील. पुन्हा हिसका, पुन्हा टक टक, आणि गाडी माथ्यावरून खाली गेली.

उतारभर मी डोळे मिटून श्वास रोखून बसले होते. पुढच्या टेकाडावर मी सीटवरून उचलली गेले, मांड्या बारला टेकल्या, आणि आता बाहेर फेकली जाणार असंच वाटलं. त्यानंतर खालच्या वळणात नजरेच्या कडा करड्या झाल्या, पडदा ओढल्यासारख्या. सेकंदभर, फार तर दोन. उतरल्यावर पायांत बळ नव्हतं. दहा मिनिटं बाकावर बसले, भाची पाठीवरून हात फिरवत होती.

आता पुढच्या महिन्यात तिला परत जायचंय आणि तिला मीच हवी आहे. तिच्या आईच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, तिला बसता येत नाही. मला मनापासून जायचंय, तिच्या शेजारी बसायचंय. पण साखळीचा तो आवाज नुसता आठवला तरी पोटात गोळा येतो. गाडी थांबली म्हणजे बिघाड होता का? तशा राइडमध्ये परत बसणं कितपत बरोबर? लूपमध्ये काही न वाटता साध्या चढ-उतारात जीव का घाबरा झाला? त्या करड्या नजरेची काळजी करायची का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद : जुना फिटर

अशा राइडच्या देखभालीचं काम मी सात वर्षं केलं आहे. तुमची गाडी नेमकी का थांबली हे त्या दिवशीचा ऑपरेटरच सांगू शकेल, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तो बिघाड वाटत नाही.

रुळाचे भाग पाडलेले असतात, आम्ही त्यांना ब्लॉक म्हणतो. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याचं सेन्सरने कळवल्याशिवाय कंट्रोल मागच्या गाडीला सोडत नाही. आता विचार करा, माथा ओलांडल्यावर पुढचे ब्रेक येईपर्यंत गाडीला थांबवायची सोयच नाही, ती स्वतःच्या वजनावर धावते. मग पुढे अडचण असेल तर धरून ठेवायला साखळीचा चढ हीच चांगली जागा. बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ असतं. स्टेशनात कुणाचा बार लागत नसतो, कुणाची पिशवी पडलेली असते, तेवढ्यात पुढची गाडी निघायला उशीर होतो. मागची चढावर थांबते. ती थांबली नसती तर काळजीची गोष्ट होती.

त्या टक टकबद्दल. डब्याखाली एक लोखंडी खटका असतो आणि रुळाजवळ करवतीसारखे दाते. गाडी वर सरकते तसा खटका एकेका दात्यावर पडतो, तोच आवाज. साखळी तुटली तरी गाडी फार तर एक दाता मागे येईल आणि अडकेल. तुम्ही ज्या आवाजाला घाबरताय तो तुम्हाला मागे न जाऊ देणाऱ्या खटक्याचा आहे, हे लक्षात ठेवून एकदा ऐका. (हल्लीच्या काही राइडमध्ये तो आवाज बंद केलाय. मला तो असलेला बरा वाटतो.)

ब्रेकचंही तसंच. बऱ्याच राइडमध्ये हवेचा दाब ब्रेक उघडायला लागतो, लावायला नाही. दाब गेला की स्प्रिंगने ब्रेक आपोआप आवळतात. शेवटी गाडीचा वेग मऊपणे कमी होतो ते बहुधा चुंबकाचे ब्रेक. धातूची पट्टी चुंबकांमधून गेली की तिच्यातच प्रवाह तयार होऊन ती अडते, त्याला वीज लागत नाही. फक्त चुंबक गाडीला पूर्ण उभी करू शकत नाही, म्हणून पुढे घर्षणाचे ब्रेक असतात.

आणि बाहेर फेकले जाण्याबद्दल. चाकांचे तीन संच असतात, एक रुळावर, एक बाजूला, एक रुळाच्या खाली. खालच्या संचामुळे डबा वर उचलला जाऊ शकत नाही. जॉन मिलर या अमेरिकन डिझायनरने १९१९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि तेव्हापासून एवढी खोल उतरणं बांधता आली. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला लामार्कस थॉम्पसनने गाडी सुरू केली तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास होता. आता ३० मीटरचं साधं उतरण घेतलं तरी तळाशी वेग ताशी ८५ च्या आसपास जातो, गाडी भरलेली असो की रिकामी, फार फरक पडत नाही.

राहता राहिला बार. तो मांड्यांना टेकलेला हवा, पोटाला नाही. बसताना कंबर पूर्ण मागे टेकवा आणि मग बार ओढा. अनेकजण पुढे सरकून बसतात, त्यामुळे मांडी आणि बार यांच्यात फट राहते आणि टेकाडावर जास्त उचलल्यासारखं होतं. तुमचं तसंच झालं असावं.

प्रतिसाद : उतारवेडी

ताई, लूपचा तुमचा प्रश्न फार आवडला, कारण बहुतेकांना लूपचीच भीती असते. लूपमध्ये गाडी वेगात वळत असल्याने शरीर सीटवर दाबलं जातं, डोकं खाली असलं तरीही. साध्या टेकाडावर उलट होतं. रूळ खाली वळतो, शरीर मात्र वर जायच्या बेतात असतं, म्हणून वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. आम्ही त्याला एअरटाइम म्हणतो. पोटातले अवयवही सैल होतात, तोच तुमचा गोळा. तुम्हाला उंची किंवा उलटं होणं बाधत नाही, एअरटाइम बाधतो. हे कळलं की अर्धं काम झालं, कारण आता कुठल्या राइडला कसं तोंड द्यायचं ते ठरवता येतं.

सुरुवातीचे लूप खरोखर वाईट होते. १८९५ मध्ये कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाची राइड होती, तिचा लूप पूर्ण गोल. गोलात शिरताना एकदम हिसका बसायचा, माना दुखावायच्या. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या रिव्होल्यूशनसाठी जर्मन इंजिनिअर वेर्नर स्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचा लूप आखला, तळाशी मोठी त्रिज्या आणि माथ्यावर लहान. म्हणूनच तुम्हाला तळवे ठेवल्यासारखं मऊ वाटलं.

आता जागेचं. मधल्या ओळीत बसा. शेवटच्या डब्याला पुढचे डबे माथ्यावरून ओढतात, त्यामुळे पहिल्या उतारावर तो सगळ्यात जास्त उचलतो. मुतखड्यावर २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मूत्रपिंडाचं मॉडेल घेऊन संशोधक डिस्नेच्या बिग थंडर माउंटन या कोस्टरमध्ये बसले, तर मागच्या सीटवर खडे सुमारे ६४ टक्के वेळा निसटले आणि पुढच्या सीटवर सुमारे १७ टक्के. मागे किती हादरतं ते यावरून कळेल. पहिल्या ओळीत हिसके कमी, पण कड्यावरून लटकत खालचं सगळं दिसतं, ते तुम्हाला नको.

डोळे मात्र उघडे ठेवा. मिटले की पुढचं वळण कळत नाही आणि शरीर तयार होत नाही. नजर पुढच्या टेकाडाच्या माथ्यावर. आणि उतार सुरू झाला की जोरात ओरडा. ओरडताना श्वास रोखता येत नाही, एवढ्याचसाठी.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खटक्याचं वाचून मी एकदम शांत झाले, खरंच. महिनाभर तो आवाज मी मोडतोडीचा समजत होते. फिटर दादा, मी पुढे सरकूनच बसले होते, भाचीचा बार बघायला वाकले होते.

नजरेचं कुणी सांगेल का? त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि दीड तास उन्हात रांगेत गेला. पाणीही फारसं प्यायले नव्हते.

प्रतिसाद : डॉक्टर आहे, फार लिहीत नाही

उत्तर तुमच्याच शेवटच्या दोन वाक्यांत आहे. खालच्या वळणात शरीराचं वजन काही क्षण तीन-चार पट होतं आणि रक्त पायांकडे ढकललं जातं. डोळ्याच्या पडद्याला रक्त कमी पडलं की कडा करड्या होतात. उपाशी, पाणी कमी, त्यात श्वास रोखलेला, तेव्हा हे लवकर होतं. उतारानंतरच्या खळग्यात मांड्या आणि पोट आवळा, श्वास चालू ठेवा.

तरीही ४६ व्या वर्षी जाण्याआधी एकदा रक्तदाब तपासून घ्या आणि हा प्रसंग तुमच्या डॉक्टरांना सांगा. शुद्ध गेली असती, छातीत धडधड राहिली असती किंवा नंतर तीव्र डोकेदुखी झाली असती तर मी तपासणीशिवाय बसू नका असंच म्हटलं असतं. हृदयविकार, मान-पाठीचे आजार, गरोदरपण असेल तर नाहीच.

प्रतिसाद : साधा वाचक

वेगळं मत मांडतो. माहिती सगळी बरोबर आहे, पण भाचीला स्पष्ट सांगा की मावशीला भीती वाटते. माझ्या मुलासाठी मी दोन वर्षं हसऱ्या चेहऱ्याने बसत होतो. एकदा त्याला खरं सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, मग मीही घाबरतो असं सांगितलं तर चालेल का?" तोही माझ्यासाठीच बसत होता.

धागाकर्ती

हे वाचून मी लगेच तिला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी वर थांबलो तेव्हा मला काही माहीत नव्हतं, मी घाबरले होते. ती म्हणाली, "मला माहितीये, तू माझा हात किती घट्ट धरला होतास." पण तिला खरंच जायचंय.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. रक्तदाब आधी तपासला, ठीक आहे. या वेळी काहीतरी खाऊन, पाणी पिऊन गेले. आधी कुंपणाशी उभं राहून आम्ही गाड्या बघितल्या. भाचीच्या लक्षात आलं की एक गाडी शेवटच्या ब्रेकांपाशी पोचल्याशिवाय दुसरी माथा ओलांडत नाही. पाच-सहा गाड्या आम्ही तेच तपासत होतो.

मग चौथ्या ओळीत बसलो. कंबर मागे, बार मांडीवर. चढताना मी खटके मोजले, ८० च्या पुढे हिशेब चुकला. पहिल्या उतारावर ओरडले, पण पोटात गोळा आलाच, तो काही गेला नाही. दुसऱ्या टेकाडावर मात्र डोळे उघडे होते, आणि उचलली गेले तेव्हा आपण कुठे आहोत ते कळत होतं. खालच्या वळणात मांड्या आवळल्या, नजर स्वच्छ राहिली.

भाचीला लगेच परत बसायचं होतं. मी म्हटलं, माझं आजचं झालं, तू जा. ती एकटी गेली आणि मी कुंपणापाशी थांबले. तिची गाडी चढाला लागली तेव्हा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. माथ्यावर पोचेपर्यंत मी तो ऐकत होते.