मदत हवी आहे: गणपतीच्या देखाव्यासाठी युरोपाचा बर्फाळ पृष्ठभाग कसा करावा?

मंडळी,

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीला यंदा गुरूच्या युरोपा या चंद्राचा देखावा ठरलाय. चंद्रयान सगळ्यांचं करून झालं, पोरांना वेगळं काहीतरी हवं होतं. युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय, २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल, एवढ्या भांडवलावर कार्यकारिणीने मान डोलावली. पृष्ठभागाचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

अडचण अशी की सजावटवाल्याने आणलेल्या कच्च्या चित्रात चक्क हिमालय आहे. टोकदार शिखरं, वर भुरभुरलेला कापूस. 'लोकांना काय कळतंय' असं खजिनदारांचं म्हणणं. पण दर्शनाच्या रांगेत एखादं शाळकरी पोर असं निघतंच की जे सगळ्यांसमोर विचारतं.

मी वाचलंय ते एवढं: युरोपा आपल्या चंद्रापेक्षा थोडा लहान, व्यास ३१२० किमीच्या आसपास. वर बर्फाचं कवच, खाली खारा समुद्र. विवरं फारच कमी, म्हणजे पृष्ठभाग तरुण. ४ ते ९ कोटी वर्षांचा धरतात. सगळीकडे लांबच लांब रेघा, आणि मधूनच 'कोनामारा केऑस'सारखा मोडतोड झालेला प्रदेश. आम्हाला तोच करायचाय.

जागा ८ फूट बाय ४ फूट. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि पीओपी नको असं मंडळाचं ठरलंय. म्हणजे पुठ्ठा, कागदाचा लगदा, व्हायटिंग (खडूची पूड), डिंक आणि शाडू. रेघांच्या जागी खाच काढायची की उंचवटा? उंची किती ठेवायची? आणि ही मोडतोड नेमकी होते कशी? ते कळल्याशिवाय हात चालणार नाही.

---

चहाबाज: शाडू थापा आणि पंख्याखाली ठेवा. आपोआप तडकेल. बाप्पा मोरया.

---

भूगर्भी: चहाबाज, शाडू तडकतो तो आक्रसून, त्याचे पंचकोनी-षट्कोनी तुकडे पडतात. युरोपावरच्या भेगा ताणाच्या आहेत, शेकडो किलोमीटर सरळ किंवा कमानी-कमानींनी जाणाऱ्या. शाडूने फसाल.

कारण आधी समजून घ्या. युरोपा गुरूभोवती ८५ तासांत फिरतो, पण कक्षा किंचित लंबगोल. आयो आणि गॅनिमीड हे गुरूचे दुसरे चंद्र ठराविक तालात त्याला ओढत असतात म्हणून ती गोल होऊ शकत नाही. त्यामुळे गुरूची ओढ कमी-जास्त होते आणि अख्खा चंद्र दर फेरीत थोडा दबतो, थोडा फुगतो. तार वाकवत राहिली की गरम होते, तसा तो आतून तापतो. खालचं पाणी द्रव राहतं ते यामुळे, आणि वरचं कवच फाटतं तेही यामुळेच. फेरीभर ताणाची दिशा फिरत जाते, म्हणून वाढती भेग वळते आणि कमान तयार होते.

तुमच्या रेघा म्हणजे बहुतेक ठिकाणी दुहेरी रांगा आहेत: दोन समांतर उंचवटे, मध्ये घळ. त्या कशा उठतात यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. एक मत असं की कवचात वरच्या भागात अडकलेलं पाणी पुन्हा गोठताना फुगतं आणि दोन्ही कडा वर ढकलतं. ग्रीनलंडच्या बर्फात अशीच छोटी दुहेरी रांग सापडली, त्यावर २०२२ मध्ये शोधनिबंध आला.

हिमालय मात्र काढून टाका. वरचा बर्फ उणे १६० अंशाला खडकासारखा कडक असतो, पण खोलवरचा बर्फ उबदार, तो सावकाश वाहतो. जड शिखर त्यावर टिकत नाही. रांगा शे-दोनशे मीटरच्या, मोठ्यातली मोठी तीनशेच्या आसपास.

---

गिरगावकर (धागाकर्ता): १ सेमीला ३०० मीटर धरले तर आठ फुटांत ७३ किमी बसतात. पण मग सगळ्यात उंच रांग जेमतेम १ सेमी! दर्शनाच्या रांगेतून दिसणार काय?

---

भूगर्भी: उंची तिप्पट करा आणि पाटीवर तसं लिहा, नकाशावालेही हेच करतात. खरी गंमत प्रकाशात आहे. दिवा एका बाजूला, अगदी खाली ठेवा. गॅलिलिओ यानाने सूर्य क्षितिजाजवळ असताना घेतलेल्या फोटोंत हे उठाव म्हणूनच स्पष्ट दिसतात.

आणि काम त्या चंद्राच्या क्रमाने करा. आधी सपाट थर. त्यावर पहिली रांग, मग तिला कापून जाणारी दुसरी, मग दोघींना कापणारी तिसरी. कोण कोणाला कापतं त्यावरून वय ठरतं, त्यामुळे सगळ्या रांगा एकदम काढून मोकळे होऊ नका. हे झाल्यावरच मोडतोड. कोनामारात जुन्या रेघांचे तुकडे सुटे होऊन सरकलेत, वळलेत, काही कललेत. मनातल्या मनात मागे सरकवले की रेघा जुळतात.

---

रंगपेटी: लगदा हाताने तुटत नाही, दातरे निघतात. पुठ्ठ्यावर थर द्या, रांगा उठवा, पूर्ण वाळला की कटरने पुठ्ठ्यासकट कापा. काही तुकडे १०-१५ अंशांत फिरवा, मधल्या फटीत ओबडधोबड लगदा भरा, पण पातळी तुकड्यांपेक्षा खाली ठेवा. ऑगस्टच्या दमटपणात लगद्याला बुरशी धरते, तेव्हा थर पातळ द्या आणि लगद्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. निळसर छटा आली तर उलट बरंच. पोरांना मात्र त्यात उघडे हात घालू देऊ नका.

रंग: पांढरट पिवळा, भेगांत विटकरी-तपकिरी. फोटोंतला भडक लाल मुद्दाम वाढवलेला असतो.

---

आकाशनिरीक्षक: मागच्या पडद्यावर गुरू काढणार असाल तर जपून. युरोपाची एकच बाजू कायम गुरूकडे असते, त्यामुळे तिथे तो उगवत नाही की मावळत नाही. कोनामारा त्या बाजूच्या अगदी काठाला आहे. तिथून गुरू क्षितिजावर टेकलेला, अर्ध्याहून थोडा जास्त दिसेल, रुंदीला आपल्या चंद्राच्या चोवीसपट. आणि त्याचे पट्टे आडवे नाही, जवळपास उभे, दहाएक अंश कललेले. आकाश दिवसाही काळंच.

---

गिरगावकर (धागाकर्ता): पडदा रंगवून झालाय हो! आडवे पट्टे, आणि गुरू वर मधोमध. पेंटरला आज रात्रीच गाठतो. रंगपेटी, मोरचूद भुलेश्वरला मिळेल की केमिकलवाल्याकडेच जावं लागेल?